ठेव पुढे सोपवण्यासाठी असते

आजचा शास्त्रभाग : २ तीमथ्य २:१-२ (सोबत १:१२-१४ आणि ४:९-२१ हेही वाचा)



आजचं मनन रोजच्यापेक्षा जरा मोठं आहे. चहा घेऊन बसा. पण त्याआधी बायबल उघडा, वरचे तिन्ही भाग वाचा आणि मगच पुढे या. शेवटचे नमस्कार, सलाम, नावांची यादी वगैरे आपण नेहमी सोडून देतो. आज ते सोडू नका. आजचं अर्धं मनन त्या यादीतच आहे.

आधी माझी एक चूक सांगते. सांगायला लाज वाटते, पण ती सांगितल्याशिवाय आजचं वचन मला का टोचलं ते कळणार नाही.

साधारण दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या तरुण संघातली माझी एक जवळची मैत्रीण. तिच्या आईला कॅन्सर झाला. काकूंना मी लहानपणापासून ओळखत होते, नाताळच्या करंज्या त्यांच्याच हातच्या खाल्लेल्या. एका रात्री मैत्रिणीचा मेसेज आला की डॉक्टर आता फार आशा देत नाहीयेत. मी तेव्हा रोज रील्सवर उपदेश ऐकायचे. कुठल्याशा परदेशी उपदेशकाचं एक मिनिटाचं क्लिप मला पाठच झालं होतं. मी लगेच तिला व्हॉइस नोट पाठवली : "तू अजिबात डळमळू नकोस. विश्वास पक्का असेल तर काकू शंभर टक्के बऱ्या होणार. देवाचं वचनच आहे तसं."

पुढच्या महिन्यात काकू प्रभूकडे गेल्या.

दफनविधीनंतर आम्ही दोघी त्यांच्या घराच्या जिन्यात बसलो होतो. ती बराच वेळ गप्प होती. मग एवढंच म्हणाली, "म्हणजे माझाच विश्वास कमी पडला ना गं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते क्लिप एकाच मिनिटाचं होतं, त्याच्यापुढचं मला काही येत नव्हतं. त्यानंतर ती मंडळीत यायची बंद झाली.

त्रफिम आजारीच होता

काही आठवड्यांनी मी आमच्या जुन्या पाळकसाहेबांकडे गेले. ते आता निवृत्त आहेत, वय पंच्याहत्तरीच्या आसपास. मला वाटलं होतं ओरडतील. त्यांनी आधी पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाळा, तू तिला म्हणालीस की वचन आहे. कुठं आहे ते वचन? दाखव बरं."

मी फोन काढला. त्यात रील होतं. वचन नव्हतं.

मग त्यांनी त्यांचं जुनं, कडा झिजलेलं बायबल माझ्याकडे सरकवलं आणि दुसऱ्या तीमथ्याच्या चौथ्या अध्यायातलं विसावं वचन वाचायला सांगितलं. त्यात पौल सहज कळवतो की एरास्त करिंथात राहिला आणि त्रफिमाला आजारी असल्यामुळे आपण मिलेतात मागे ठेवून आलो.

"हा त्रफिम कुठला माहीत आहे?" पाळकसाहेबांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. त्यांनी प्रेषितांची कृत्ये २१:२९ काढून दाखवलं : त्रफिम इफिसकर होता. मग मागे जाऊन १९:१२ दाखवलं. त्याच इफिसात पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन लावले तरी लोक बरे व्हायचे. "आता सांग," ते म्हणाले, "ज्या माणसाच्या रुमालाने त्रफिमाच्या गावातले लोक बरे झाले, त्याच माणसाला त्रफिमाला आजारी ठेवून पुढे जावं लागलं. कोणाचा विश्वास कमी पडला? पौलाचा की त्रफिमाचा?"

मी रडले. खरं सांगायचं तर त्या दिवशी काकूंसाठी मी पहिल्यांदा नीट रडले.

देव बरं करतो. आजही करतो, आणि आपण त्यासाठी प्रार्थना करतो, करत राहू. पण प्रत्येक वेळी करीनच असं वचन त्याने दिलेलं नाही, आणि जे वचन त्याने दिलेलं नाही ते त्याच्या नावावर खपवायचा मला हक्क नव्हता.

निघताना मी विचारलं, "तुम्हाला हे कसं कळलं?" पाळकसाहेब हसले. "मला पण आपोआप नाही कळलं. यवतमाळच्या सेमिनरीत आमचे एक सर होते. ते आम्हाला पत्र अख्खं वाचायला लावायचे, शेवटच्या सलामासकट. कंटाळा यायचा! पण चाळीस वर्षं त्याच्यावर निभावलं."

घरी येताना बसमध्ये मी एकच विचार करत होते. सत्तरच्या दशकात यवतमाळच्या एका वर्गात कोणीतरी एका तरुण मुलाला नीट वाचायला शिकवलं, आणि त्याचा उपयोग इतक्या वर्षांनी मला, पुण्यात, झाला. आणि मी? मी माझ्या मैत्रिणीला काय दिलं?

'ठेव' म्हणजे नक्की काय

आता आजच्या शास्त्रभागाकडे येऊ.

पौल रोममध्ये बेड्यांत आहे. आशियातले सगळे आपल्याला सोडून गेले असं तो पहिल्याच अध्यायात म्हणतो. देमासही गेला आहे. हिवाळा जवळ आलाय आणि त्याचा झगा त्रोवसात कार्पाच्या घरी राहिलाय. आपला शेवट जवळ आहे हेही त्याला ठाऊक आहे. अशा वेळी माणूस काय लिहील? माझं कोणी ऐकलं नाही, मंडळीचं आता काय होणार, असंच काहीतरी. पौल मात्र तीमथ्याला एक काम देतो. २:२ चा मथितार्थ माझ्या शब्दांत असा : तू माझ्याकडून पुष्कळ साक्षीदारांसमोर जे ऐकलंस, ते भरवशाच्या माणसांच्या हाती दे, आणि माणसं अशी निवड की ती पुढे इतरांनाही शिकवू शकतील.

मोजा बरं. पौल एक. तीमथ्य दोन. भरवशाची माणसं तीन. 'इतर' चार. एका वाक्यात चार पिढ्या! आणि मागे बघितलं तर १:५ मध्ये आजी लोईस आणि आई युनीके आहेतच. तीमथ्याचं पहिलं शिक्षण स्वयंपाकघरात झालं असणार.

इथे 'सोपवणं' यासाठी जो मूळ ग्रीक शब्द आहे, तो १:१२ आणि १:१४ मधल्या 'ठेव' या शब्दाच्याच कुळातला आहे. त्या काळी प्रवासाला निघणारा माणूस आपली मौल्यवान वस्तू विश्वासातल्या मित्राकडे ठेवायला द्यायचा. मित्राचं काम एकच : ती जशीच्या तशी सांभाळणं.

आपल्याला ठेव म्हटलं की बँकेतली एफडी आठवते. मुदत संपेपर्यंत हात लावायचा नाही. पण पौलाची ही ठेव मोठी वेगळी आहे. १:१४ मध्ये तो म्हणतो सांभाळ, आणि पुढच्याच अध्यायात म्हणतो दुसऱ्याला दे. ही ठेव कपाटात ठेवली की हरवते आणि योग्य हातात दिली की टिकते. तीमथ्याने ती जिवापाड जपली असती पण कोणाला दिली नसती, तर तीमथ्याबरोबर ती पण गेली असती.

आणि माणसं कशी निवडायची? आधी भरवशाची, मग शिकवण्याची पात्रता असलेली. आज आपण उलटं करतो. बोलायला कोण छान, फॉलोअर्स कोणाचे जास्त, हे आधी बघतो. भरवसा नंतर. कधी कधी बघतच नाही.

एका पाळकाने हे वचन मनावर घेतलं

हे वचन एका माणसाने किती गंभीरपणे घेतलं ते सांगते, कारण त्याचा धागा आपल्या पुण्यापर्यंत येतो.

लंडनमध्ये लँगहॅम प्लेस नावाच्या रस्त्यावर ऑल सोल्स चर्च आहे. जॉन स्टॉट (१९२१-२०११) तिथे १९४५ साली साहाय्यक पाळक म्हणून रुजू झाले आणि १९५० ते १९७५ मुख्य पाळक होते. लग्न केलं नाही. राहायला दोन खोल्यांचा फ्लॅट. पुस्तकं मात्र पन्नासच्या आसपास लिहिली. १९५८ साली आलेलं 'बेसिक ख्रिश्चॅनिटी' तर जगभर गेलं. पक्षी बघण्याचं वेड होतं, आणि जिथे उपदेशाला जात तिथे दुर्बीण बरोबर असायची.

ते आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिकेत फिरू लागले तेव्हा त्यांना एक गोष्ट सतत दिसली. मंडळ्या झपाट्याने वाढत होत्या, लोक प्रभूकडे येत होते, पण पाळकांच्या घरात पुस्तकं नव्हती. काहींच्या शेल्फवर मोजून दोन-चार. आणि पाळकांना घडवणाऱ्या सेमिनऱ्यांमध्ये शिकवायला त्याच मातीतले, पूर्ण शिकलेले शिक्षक फार थोडे. मंडळी वाढतेय पण मुळं खोल जात नाहीयेत, याची त्यांना काळजी लागली.

त्यांनी काय केलं? १९६९ साली लँगहॅम ट्रस्ट सुरू केला. या देशांतल्या हुशार आणि भरवशाच्या अभ्यासकांना डॉक्टरेटपर्यंत शिकायला मदत करायची, आणि त्यांनी परत आपल्या देशात जाऊन शिकवायचं. १९७१ साली पुस्तकांसाठी इव्हँजेलिकल लिटरेचर ट्रस्ट सुरू केला आणि आपल्या पुस्तकांची रॉयल्टी त्यात घातली. म्हणजे इंग्लंडमध्ये कोणी त्यांचं पुस्तक विकत घ्यायचं, आणि त्या पैशातून दुसऱ्या टोकाला एखाद्या पाळकाच्या शेल्फवर पुस्तक यायचं.

आता ४:१३ परत वाचा. बेड्यांत पडलेला पौल झग्याबरोबर काय मागतो? पुस्तकं, आणि विशेष करून चर्मपत्रं! मरणाच्या दारात उभा असलेला प्रेषित अजून वाचायला मागतोय. मग आपल्या गावातल्या पाळकाला पुस्तकांची गरज नाही असं आपण कसं म्हणायचं?

नेटवर्क वाढलं कसं

सुरुवातीला हे सगळं एका माणसाभोवती होतं. जगभरचे विद्यार्थी स्टॉट यांना 'अंकल जॉन' म्हणायचे. १९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला जागतिक सुवार्ता परिषद झाली, सुमारे १५० देशांतले लोक आले. तिथल्या करारनाम्याच्या मसुद्याचं काम स्टॉट यांच्या नेतृत्वाखाली झालं. ओळखी वाढल्या, मित्र वाढले. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांत या कामाला हातभार लावणारे गट उभे राहिले.

पण एका माणसाभोवती उभं राहिलेलं काम त्या माणसाबरोबर संपू शकतं. २००१ साली हे सगळे धागे एकत्र करून लँगहॅम पार्टनरशिप इंटरनॅशनल उभी राहिली आणि स्टॉट यांनी नेतृत्व दुसऱ्याच्या हाती दिलं. नावाकडे लक्ष द्या. स्वतःचं नाव नाही, चर्चच्या समोरच्या रस्त्याचं नाव!

नेतृत्व ज्यांच्याकडे आलं ते ख्रिस्तोफर राइट. मूळचे बेलफास्टचे, जुन्या कराराचे अभ्यासक. आणि गंमत म्हणजे १९८३ ते १९८८ ही पाच वर्षं ते आपल्या पुण्यात, युनियन बिब्लिकल सेमिनरीत शिकवत होते. ही तीच सेमिनरी, जी १९५३ साली यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला आली. आमच्या पाळकसाहेबांची सेमिनरी! मला हे कळलं तेव्हा मी त्यांना फोनच केला. ते म्हणाले, "मी त्याच्या आधीच बाहेर पडलो होतो गं. पण बघ, वर्ग तोच."

आज त्या कामाच्या तीन वाटा आहेत. पहिली अभ्यासकांची : जे पुढे शिक्षकांना आणि पाळकांना घडवतील अशांना शिकवायचं. दुसरी साहित्याची : पाळकांना आणि सेमिनरीच्या ग्रंथालयांना पुस्तकं द्यायची, आणि स्थानिक लेखक-प्रकाशकांना बळ द्यायचं. तिसरी वाट २००२ मध्ये सुरू झाली, ती उपदेशाची. यात पाळक छोट्या गटात एकत्र येतात, शास्त्रभाग स्वतः उघडून अभ्यासतात, एकमेकांचे उपदेश ऐकतात, चुका सांगतात. थोड्या वर्षांनी ते शिबिर स्थानिक लोकांनीच चालवायचं, हा हेतू.

यातून काय आलं बघा. २००६ मध्ये 'आफ्रिका बायबल कॉमेंटरी' निघाली. सत्तर आफ्रिकन अभ्यासकांनी लिहिलेली, नायजेरियाच्या टोकुनबो अडेयेमो यांनी संपादित केलेली, संपूर्ण बायबलवरची एका खंडातली टीका. २०१५ मध्ये 'साउथ एशिया बायबल कॉमेंटरी' आली, मुख्य संपादक ब्रायन विंटल, लिहिणारे आपल्याच दक्षिण आशियातले. परदेशी टीकाग्रंथ चांगले असतात, मी पण वाचते. पण हुंडा, जात, पूर्वजांचं श्राद्ध, घरातल्या इतर धर्माच्या नातेवाइकांबरोबर सण, हे प्रश्न लंडनमध्ये बसून लिहिणाऱ्याला पडतीलच असं नाही. आपल्या अंगणातल्या माणसाला ते पडतात.

आणखी एक उदाहरण. रियाद कासीस हे सीरियाचे. याच मदतीतून शिकले, इंग्लंडमध्ये डॉक्टरेट केली, आपल्या भागात परत जाऊन सेवा केली आणि पुढे याच नेटवर्कच्या अभ्यासक विभागाचे संचालक झाले. ज्याने घेतलं तोच देणाऱ्याच्या जागी बसला. २ तीमथ्य २:२ मधला 'इतर' म्हणजे हाच.

या सगळ्यात पैशाचा प्रश्न येतो, आणि तो विचारायला हवा. श्रीमंत देशांनी दिलं आणि आपण हात पसरले, असं झालं तर ती ठेव नाही, ती मिंधेपणा आहे. म्हणून मदत कशासाठी, हे महत्त्वाचं. पुढच्या वेळी तुझी गरजच पडू नये एवढं जो शिकवतो, तो खरा सोपवणारा. पौल तीमथ्याला आपल्यावर अवलंबून ठेवत नाही. तो जाणार आहे, आणि ते तो स्पष्ट सांगतो.

"पेत्र कुठे सेमिनरीत गेला होता?"

हा प्रश्न आमच्या संघात नेहमी येतो. पवित्र आत्मा आहे ना, मग शिक्षण कशाला?

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून प्रामाणिक उत्तर. पेत्र कोळी होता हे खरं. पण त्याने तीन वर्षं दिवसरात्र प्रभूच्या पायाशी काढली. चुकला, ओरडा खाल्ला, परत शिकला. यापेक्षा मोठी सेमिनरी कुठली? आणि हाच पेत्र २ पेत्र ३:१६ मध्ये कबूल करतो की पौलाच्या पत्रांत काही गोष्टी समजायला अवघड आहेत आणि अशिक्षित, अस्थिर माणसं त्यांचा विपर्यास करून स्वतःचा नाश करून घेतात. मी तर म्हणते, स्वतःचाच नाही, मैत्रिणीचाही.

अपुल्लोस बघा (प्रे. कृत्ये १८:२४-२६). बोलण्यात पटाईत, शास्त्रात प्रबळ, अंगात उत्साह. तरी प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला बाजूला घेतलं आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावला. तंबू शिवणारं जोडपं ते! डिग्री नव्हती, पण शिकलेलं पक्कं होतं. आणि अपुल्लोस, एवढा मोठा वक्ता, शिकायला बसला.

आपल्या महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंनी काय केलं आठवा. संस्कृतच्या एवढ्या पंडित, तरी केडगावला मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केलं. का? साध्या बायकांना कळावं म्हणून. १९२२ मध्ये त्या प्रभूकडे गेल्या, आणि ते बायबल १९२४ साली छापून निघालं. विद्या कशासाठी हे कळायला एवढं पुरे. रमाबाईंनी ठेव स्वतःसाठी ठेवली नाही.

उलटा धोकाही आहे. १ करिंथ ८:१ मध्ये पौल बजावतो की ज्ञान माणसाला फुगवतं आणि प्रीती उभारणी करते. चार ग्रीक शब्द शिकून मंडळीतल्या आजीला चुकीचं ठरवायला निघालेली मुलं मी बघितली आहेत. मीही त्यातलीच एक होता होता राहिले. त्रफिमाचं वचन पाळकसाहेबांनी मला हरवायला नाही वापरलं. माझ्यासाठी पाणी आणलं, मग वचन उघडलं. शिक्षणाचा कस इथे लागतो.

शेवटची दुपार

२७ जुलै २०११ च्या दुपारी जॉन स्टॉट प्रभूकडे गेले. वय ९०. शेवटच्या तासांत जवळची माणसं त्यांच्यापाशी बसून पवित्र शास्त्र वाचत होती. कुठलं पत्र? तीमथ्याला लिहिलेलं दुसरं.

मला हे वाचून खूप वेळ काही सुचलं नाही. ज्या पत्रातलं काम आयुष्यभर केलं, तेच पत्र कानावर पडत गेले. आणि तोवर ठेव त्यांच्याकडे राहिलेलीच नव्हती. ती केव्हाच दुसऱ्यांच्या हातात गेली होती.

आता माझं सांगते. पाळकसाहेबांकडून आल्यावर मला मैत्रिणीकडे जायला आणखी दोन महिने लागले. गेले तेव्हा भाषण केलं नाही. म्हटलं, "मी तुला चुकीचं सांगितलं होतं. तुझा विश्वास कमी पडला नव्हता. मला माहीत नसताना मी देवाच्या नावाने बोलले. मला माफ कर." मग ४:२० वाचून दाखवलं.

तिने विचारलं, "मग तो त्रफिम नंतर बरा झाला का?"

पूर्वीची मी असते तर काहीतरी जोडून सांगितलं असतं. या वेळी म्हटलं, "शास्त्र सांगत नाही. पण पौलाला मरणाआधी त्याची आठवण होती, आणि देवाने ती आपल्या वचनात ठेवली."

ती अजून रविवारी आराधनेला येत नाही. पण महिन्यातून एकदा माझ्याकडे येते, आम्ही पोहे करतो, एक अध्याय वाचतो. सध्या ईयोब चालू आहे. हळूहळू. तिचे प्रश्न माझ्यापेक्षा खोल असतात. मला अडलं की मी पाळकसाहेबांना फोन करते, आणि त्यांना अडलं की ते कपाटातून पुस्तक काढतात. बघा, चार पिढ्या झाल्या!

आणि मी या वर्षी एका पत्राद्वारे शिकवणाऱ्या बायबल अभ्यासक्रमाला नाव घातलंय. ऑफिसमधून येऊन अभ्यास करताना डोळे मिटतात. पण पुढच्या वेळी कोणाला "देवाचं वचन आहे" म्हणायचं असेल, तर ते कुठं आहे हे मला दाखवता यायला हवं.

प्रियांनो, आजसाठी तीन साध्या गोष्टी :

१. तुम्ही गेल्या आठवड्यात ज्यांचे उपदेश ऑनलाइन ऐकले, त्यातला एक शास्त्रभाग स्वतः उघडा. संपूर्ण अध्याय वाचा. जे सांगितलं ते तिथे खरंच आहे का?

२. तुमच्या पाळकांना विचारा, "तुम्हाला कुठलं पुस्तक हवं आहे?" आणि पुढच्या पगारात ते घेऊन द्या. एका पिझ्झाच्या पैशात काम होऊ शकतं.

३. एका माणसाचं नाव लिहा, ज्याला तुम्ही शिकलेलं देऊ शकता. रविवार शाळेतलं पोर असेल, रूममेट असेल, धाकटी बहीण असेल. एकच नाव. पौलाने पण सुरुवात एका तीमथ्यापासून केली.

प्रार्थना करू या

हे प्रभू येशू, आमच्यापर्यंत तुझं वचन पोहोचावं म्हणून किती जणांनी ते हातातून हातात दिलं, त्यांची नावंही आम्हाला ठाऊक नाहीत. त्या सर्वांसाठी तुझे आभार. खेड्यापाड्यात थोड्या पुस्तकांवर मंडळी सांभाळणाऱ्या पाळकांना तू बळ दे. सेमिनऱ्यांत शिकवणाऱ्यांना आणि शिकणाऱ्यांना नम्र ठेव. तुझ्या नावाने आम्ही जे उथळपणे बोललो, त्याची आम्हाला क्षमा कर, आणि ज्यांना त्याने जखम झाली त्यांना तू स्वतः जवळ घे. आम्ही सांभाळू आणि पुढे देऊ, एवढा भरवसा आमच्यात निर्माण कर. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.

उद्या भेटू, याच पत्रातल्या पुढच्या वचनांसोबत. जय ख्रिस्त!